विश्लेषण : नकाशात वाट, वावरात तूर! वऱ्हाडातल्या पांदणी नेमक्या कोणाच्या?

हिवाळा लागला की सुटीच्या दिवशी पहाटे अमरावती आणि अकोल्यातून गाड्या चिखलदऱ्याकडे, नरनाळ्याकडे निघतात. पायी भटकण्याची हौस शहरात वाढते आहे आणि ती चांगलीच गोष्ट आहे. पण डोंगर सोडून खालच्या मुलखात, म्हणजे सातपुड्याच्या पायथ्यापासून पूर्णेच्या काठापर्यंतच्या वावरांतून एका गावाहून दुसऱ्या गावी चालत जायचे कोणी ठरवले, तर बहुतेक वेळा अर्ध्यात वाट संपते. गाव नकाशात ती स्पष्ट दाखवलेली असते. जमिनीवर मात्र तूर नाही तर पऱ्हाटी उभी असते. ही अडचण भटक्याची नंतरची, शेतकऱ्याची आधीची आहे. मे २०२५ मध्ये राज्य सरकारने शेतरस्ते किमान तीन ते चार मीटर रुंद असावेत आणि त्यांची नोंद सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ रकान्यात घ्यावी, असा निर्णय घेतला. त्यामुळे पांदणीचा विषय पुन्हा तहसीलच्या टेबलावर आला आहे. या वाटा कुठून आल्या, कुठे गेल्या आणि त्यांवरून चालण्याचा हक्क कोणाला आहे?

पांदण म्हणजे काय?

पश्चिम महाराष्ट्रात ज्याला पाणंद म्हणतात, ती वऱ्हाडात पांदण. दोन्ही बाजूंनी शेतांचे धुरे, त्यावर बाभूळ, बोर, हिवर, मध्येच एखादा निंब किंवा पळस आणि त्यांच्यामधून बंडी जाईल एवढी खोलगट वाट. वर्षानुवर्षे चाकांनी आणि जनावरांच्या खुरांनी माती उकरली गेल्याने पांदण आजूबाजूच्या वावरांपेक्षा खाली असते. पावसाळ्यात म्हणूनच ती अर्धी वाट आणि अर्धा नाला होते.

पांदणीशिवाय आणखी दोन वाटा गावात ओळखल्या जातात. दोन गावांच्या हद्दीवरून जाणारा तो शिवरस्ता. आणि वावराच्या कडेने किंवा मधून जाणारी ती पायवाट. शेतावर, देवाला, नदीला, बाजाराला लोक याच वाटांनी जात. डांबरी रस्ता गावातून गावाकडे जातो, वावरात जात नाही. त्यामुळे गावाला डांबरी रस्ता मिळाला म्हणजे शेतरस्त्याचा प्रश्न सुटला, असे होत नाही. उलट डांबरी रस्ता आल्यावर पांदणीकडे कोणाचे लक्ष राहिले नाही.

नकाशावरची रुंदी कशी ठरली?

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. त्यानंतर १८६० च्या दशकापासून इथे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी झाली. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर पडला आणि गावाचा नकाशा तयार झाला. त्या नकाशात रस्त्यांचे तीन प्रकार दिसतात. एक, सर्व्हे नंबरांच्या हद्दीबाहेर सोडलेला ग्रामरस्ता. तो कोणाच्याच नंबरात मोडत नाही. दोन, दुहेरी तुटक रेघांनी दाखवलेला गाडीमार्ग. तीन, एकेरी तुटक रेघेचा पायमार्ग. गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट आणि पायमार्गाची सव्वाआठ फूट धरली जाते.

सव्वाआठ हा आकडा विचित्र वाटतो. पण मोजणीची शंकू साखळी ३३ फुटांची आणि तिचे भाग सोळा आणे. साखळी लांब, साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. अर्धी साखळी म्हणजे साडेसोळा फूट आणि पाव साखळी म्हणजे सव्वाआठ. थोडक्यात, मोजणीदाराने पायी जाणाऱ्या माणसासाठी चार आणे आणि बंडीसाठी आठ आणे सोडले होते. आज अनेक ठिकाणी त्या चार आण्यांतला एक आणाही शिल्लक नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात एक बारकावा आहे आणि बहुतेक वाद तिथेच अडतात. गाडीमार्ग आणि पायमार्ग हे कोणाच्या तरी सर्व्हे नंबरातून जातात. म्हणजे जमीन खातेदाराच्या नावावर, पण तेवढे क्षेत्र ‘पोटखराब’ म्हणून वेगळे दाखवलेले. जमीन वापराबाबतच्या १९६८ च्या नियमांत पोटखराबाचे दोन वर्ग आहेत. ‘अ’ वर्ग म्हणजे खडकाळ, नापीक तुकडा. तो शेतकऱ्याने मेहनतीने लागवडीखाली आणला तर हरकत नाही. ‘ब’ वर्गात मात्र रस्ता, मान्य पायवाट, इतरांच्या वापराचा तलाव किंवा ओढा आणि स्मशान येते. त्यावर सारा आकारलेला नसतो आणि ते नांगरून पीक घेता येत नाही. ‘माझ्या सातबाऱ्यातली जमीन आहे, मी काहीही करीन’ हा युक्तिवाद या ठिकाणी चालत नाही. आपल्या सातबाऱ्यावर पोटखराब ‘ब’ किती आहे, हे पाहिलेले शेतकरी फार थोडे असतात. वाद झाल्यावरच तो रकाना वाचला जातो.

मग वाटा गेल्या कुठे?

एका रात्रीत कोणी पांदण गिळत नाही. दर हंगामात धुऱ्याकडे एक तास जास्त धरला जातो. शेजारचाही तेच करतो. बैलांच्या वखराने हे काम हळू होत होते; ट्रॅक्टरच्या नांगराने ते दोन-चार हंगामांत होते. वाटण्या झाल्या की दहा एकरांच्या शेताचे तीन तुकडे होतात आणि प्रत्येकाला फूटभर जमीनही मोलाची वाटू लागते. तो लोभच असतो असे नाही. दोन एकरांवर संसार चालवणाऱ्याला सव्वाआठ फुटांचा पट्टा म्हणजे तुरीच्या चार ओळी दिसतात.

बैलजोड्या कमी झाल्या, हेही मोठे कारण. रोज बंडी जात होती तोवर वाटेवर पेरण्याची हिंमत कोणी करीत नव्हता. वापर थांबला की आधी बाभळी वाढतात. मग कोणी तरी त्या तोडून जागा ‘साफ’ करतो आणि पुढच्या मृगात तिथे पेरणी होते. शहरांच्या कडेला गोष्ट वेगळी आहे. अमरावती आणि अकोल्याभोवतीच्या गावांत शेताचे लेआऊट पडतात तेव्हा जुनी पायवाट प्लॉटमध्ये विरघळून जाते. चांदूर रेल्वे, धामणगाव, नांदगाव खंडेश्वर या बाजूला समृद्धी महामार्गाने कुंपण घातले. रस्त्याखालून बोगदे ठेवलेले असले, तरी जुनी शिव जिथे होती तिथेच बोगदा असतो असे नाही. समोर दिसणाऱ्या वावरात जायला मोठा वळसा पडतो.

याच पट्ट्यात जून २०२२ मध्ये राष्ट्रीय महामार्ग ५३ वर लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटरची डांबरी मार्गिका सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम नोंदवला गेला. विक्रमाचे कौतुक आहेच. पण त्या महामार्गावरून उजवी-डावीकडे जुलैत उतरून पाहिले, तर पन्नास पावलांवर चप्पल चिखलात राहते.

काळ्या मातीत एवढा फरक का पडतो?

वऱ्हाडाचे जुने तीन भाग सांगितले जातात. उत्तरेला मेळघाट, मध्ये पूर्णेच्या खोऱ्यातला पयनघाट आणि दक्षिणेला बालाघाट. पयनघाटाची माती भारी काळी. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात पाय अडकेल एवढ्या भेगा आणि पावसाळ्यात गुडघ्याएवढा गाळ. कोकणात जांभ्यावर पाऊस पडून गेला की तासाभरात चालता येते. इथे एका मोठ्या पावसानंतर पुढचे काही दिवस वाट बंद असते.

याचा हिशेब शेतकऱ्याच्या खिशातून जातो. पेरणीच्या वेळी बियाणे आणि खताच्या बॅगा डोक्यावर न्याव्या लागतात. निंदणाला मजूर बायका चिखल तुडवून यायला तयार होत नाहीत, आल्या तर जास्त मजुरी मागतात आणि त्यात त्यांची चूक नाही. सोयाबीन सोंगून गंजी लावली आणि परतीचा पाऊस आला, तर मळणीयंत्र वावरात पोहोचत नाही. वेचलेल्या कापसाची गाठोडी डांबरी रस्त्यापर्यंत वाहून आणावी लागतात. शेतात वस्ती करून राहणाऱ्यांचे हाल तर वेगळेच. आजारी माणूस बाजेवर टाकून आणावा लागतो आणि पोरांची शाळा पावसाळ्यात बुडते.

सरकारी योजना आल्या नाहीत असे नाही. २०१८ मध्ये पालकमंत्री शेत/पाणंद रस्ते योजना आली, नोव्हेंबर २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना. दुसरी योजना रोजगार हमीच्या निधीला इतर निधीची जोड देऊन रस्ता खडीकरणापर्यंत नेण्याची. कल्पना योग्यच होती. पण मुरूम टाकण्याआधी अतिक्रमण निघाले पाहिजे, त्याआधी मोजणी झाली पाहिजे आणि त्याआधी गावातल्या दोन भावकींनी एकमेकांशी बोलले पाहिजे. योजना शेवटच्या पायरीसाठी पैसे देते. अडते ते पहिल्या तीन पायऱ्यांवर.

रस्ता अडवला तर कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये कलम २० आहे. कोणा व्यक्तीच्या मालकीचे नसलेले सर्व सार्वजनिक रस्ते, गल्ल्या आणि वाटा राज्य सरकारच्या मालकीच्या आहेत, असे ते सांगते. म्हणजे नकाशात नंबराबाहेर सोडलेला ग्रामरस्ता सरकारी आहे. त्यावरचे अतिक्रमण काढणे हे महसूल खात्याचे काम आहे, त्यासाठी शेतकऱ्याला वेगळा हक्क सिद्ध करावा लागत नाही.

नकाशात रस्ताच नसेल आणि शेताला जायला वाट हवी असेल तर कलम १४३. शेजारच्या सर्व्हे नंबरांच्या हद्दीवरून, म्हणजे धुऱ्यावरून जाण्याचा रस्ता तहसीलदार चौकशी करून देऊ शकतात. शेतकऱ्याला शेतात जायला वाजवी वाट मिळते की नाही, हे त्यांनी पाहायचे असते. निर्णय मान्य नसेल तर एक वर्षाच्या आत दिवाणी दावा करता येतो. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी, की ही वाट धुऱ्यावरून मिळते, कोणाच्या वावराच्या मधोमध नाही.

वाट आधीपासून वापरात होती आणि कोणी काटे टाकून, नाली खोदून ती अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ मधील कलम ५ लागू होते. हा इंग्रजी अमदानीतला कायदा अजून कामाचा आहे. तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतात आणि पुन्हा अडवू नये असा मनाई हुकूमही देऊ शकतात. पण वाट अडवल्यापासून सहा महिन्यांत दाद मागावी लागते. नेमके इथेच घोडे पेंड खाते. आधी गावात समजूत, मग पोलीस पाटील, मग तंटामुक्ती समिती, मग भाऊबंदांची बैठक. सहा महिने निघून गेल्यावर माणूस अर्ज घेऊन तहसीलला येतो.

विदर्भापुरती आणखी एक तरतूद संहितेत आहे आणि ती फारशी कोणी वापरत नाही. कलम १६५ नुसार प्रत्येक गावातल्या जाण्या-येण्याच्या वाटा, पाण्याचे हक्क, मासेमारीचे हक्क यांच्या रूढी ‘वाजिब-उल-अर्ज’ या नोंदपत्रात लिहायच्या असतात. खासगी जमिनीतून जाणाऱ्या रूढ वाटेसाठी हा दस्तऐवज मोलाचा आहे. गाव नकाशा भूमी अभिलेख कार्यालयातून मिळतो. वाजिब-उल-अर्ज मात्र मागूनही अनेकदा कोणत्या कपाटात आहे हे कळत नाही.

शेत नसलेल्या माणसाला चालण्याचा हक्क आहे का?

वर सांगितलेले जवळपास सगळे हक्क शेतकऱ्याचे आहेत. कलम १४३ चा अर्ज जमीनधारकच करू शकतो. केवळ फिरायला निघालेल्या माणसासाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही.

इतर देशांत तो आहे. इंग्लंडमध्ये एप्रिल १९३२ मध्ये मँचेस्टरजवळच्या किंडर स्काउट या माळावर शेकडो कामगार मुद्दाम घुसले. त्यांतल्या काहींना तुरुंगवास झाला. १९४९ च्या कायद्याने तिथल्या परगण्यांनी सार्वजनिक पायवाटांचे अधिकृत नकाशे तयार करायला घेतले आणि २००० च्या कायद्याने डोंगर-माळांवर मोकळे फिरण्याचा हक्क मिळाला. स्वीडनमध्ये तर पिकाला आणि घराच्या अंगणाला धक्का न लावता कोणाच्याही रानातून चालता येते. तो जुना रिवाज आता राज्यघटनेतही नमूद आहे.

हा नमुना जसाच्या तसा इथे आणावा असे मात्र वाटत नाही. तिथली लढाई मोठ्या जमीनदारांच्या शिकारी राखीव माळांविरुद्ध होती. इथे समोर दोन एकरवाला शेतकरी आहे आणि त्याचे पीक वर्षाचे आठ महिने उभे असते. त्याच्या हरभऱ्यातून पंधरा जणांचा घोळका गेला, तर नुकसान कोण भरून देणार? शिवाय इंग्लंडमध्ये पायवाटांसाठी भांडले ते चालणारे. इथे वाट मागणारा शेतकरी आहे आणि चालणारे चिखलदऱ्याच्या वाहनतळावर जागा शोधताहेत. दोघांची गाठ पडलेली नाही.

तरीही पायी फिरणारा अगदी बेवारस नाही. नंबराबाहेरचा ग्रामरस्ता सार्वजनिक आहे. त्यावर कोणीही चालू शकतो. पोटखराब ‘ब’ मधल्या मान्य पायवाटेवर मालकाखेरीज इतरांचा वापर गृहीतच धरलेला आहे. या दोन्हींच्या बाहेर पाऊल पडले तर मालकाची परवानगी हवी. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ नुसार फौजदारी अतिक्रमणाला गुन्हा करण्याचा, धमकावण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा हेतू लागतो. नुसते चालत जाणे त्यात बसत नाही. पण शेतकऱ्याने ‘इथून जाऊ नका’ म्हटल्यावर कायदा काढून दाखवणे शहाणपणाचे नाही. ‘भाऊ, फलाण्या गावाला जायची वाट कुठून हाय?’ एवढे विचारले तर दहांतले नऊ जण सोबत धुऱ्यापर्यंत येतात. वरून पाणी विचारतात.

आणि जंगलातून?

शेत संपून सागवान सुरू झाले की नियम पूर्ण बदलतात. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव जंगलात विनापरवाना शिरणे हा गुन्हा आहे. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार परवाना लागतो. सवलत आहे ती आत राहणाऱ्यांना, आत स्थावर मिळकत असणाऱ्यांना आणि सार्वजनिक रस्त्याने पार जाणाऱ्यांना. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. त्याच्या गाभ्यात पायी भटकंतीला परवानगी नाही आणि नसावीच. अकोट तालुक्यातला नरनाळा किल्लाही अभयारण्याच्या हद्दीत आहे. पायथ्याच्या शहानूर गावातून नोंद करून आत जावे लागते. त्यामुळे १४८७ सालच्या महाकाली दरवाजाची नक्षी आणि नऊगजी तोफ पाहायची तर दिवस मावळायच्या आत परतायचे, हे ठरवूनच निघावे.

गाभ्यातही वर्षातून एकदा हजारो माणसे पायी जातात, हा अपवाद मजेशीर आहे. श्रावणात धारगडच्या महादेवाला अकोट, तेल्हारा, अंजनगाव परिसरातून भाविक पोपटखेड मार्गे जातात. तेवढ्यापुरती वनविभागाची बंदोबस्ताची वेगळी व्यवस्था असते. या बाजूच्या अनेक गावांचे पुनर्वसन झाले. बोरी, कोहा, कुंड ही त्यांतली पहिली. गाव हलले की गावापर्यंतच्या पायवाटाही रान परत घेते. वाघासाठी ते हवेच होते. पण खाली आलेल्या कोरकू कुटुंबांसाठी देवाची आणि मोहाची वाट परवान्याची झाली. ती खंत त्यांच्या बोलण्यात असते आणि ती खोटी नाही.

राखीव जंगल आणि मोकळे वावर यांच्या मधला एक मार्ग अचलपूर तालुक्यात दिसतो. पायविहीर गावाने वनहक्क कायदा, २००६ नुसार सामूहिक वनहक्क मिळवले. उजाड टेकडीवर झाडे वाढवली, चराईवर आणि तोडीवर ग्रामसभेने निर्बंध घातले आणि जंगलातल्या सीताफळांची विक्री स्वतः सुरू केली. २०१४ मध्ये गावाला राष्ट्रीय पातळीवरचा जैवविविधता पुरस्कार मिळाला. अशा जंगलात कोण, कुठून, कधी जाईल हे ग्रामसभेला ठरवता येते. पायी फिरणाऱ्यांचे गट काढणाऱ्यांनी चिखलदऱ्याच्या ‘पॉइंटां’आधी अशा गावांना विचारले, तर गावात पैसाही राहील आणि वाटाड्याही मिळेल. गुगलच्या नकाशात नसलेली वाट त्यालाच माहीत असते.

या मुलखात पायी चालणे नवीन आहे का?

मुळीच नाही. डिसेंबर १८०३ मध्ये आडगावची लढाई संपवून आर्थर वेलस्लीची फौज गाविलगडाखाली आली. दक्षिणेकडून चढ अवघड होता. म्हणून कर्नल स्टीव्हन्सनची तुकडी डोंगरातून सुमारे ३० मैलांचा वळसा घेऊन उत्तरेच्या लाबाडा गावाकडून पोहोचली. वाट नव्हतीच, ती करत करत तोफा माणसांनी ओढून नेल्या. १५ डिसेंबरला किल्ला पडला. आज परतवाड्याहून गाडीने चिखलदरा गाठणाऱ्याला त्या डोंगराची उंची कळत नाही.

पण या प्रदेशाचे खरे चालणे लढाईचे नव्हे. तिवसा तालुक्यातल्या कौंडण्यपूरहून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. तिची परंपरा १५९४ पासूनची सांगतात. शेगावहून गजानन महाराजांची पालखी दरवर्षी अकोल्यावरूनच पुढे जाते. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामला पूर्णेचे पाणी भरून कावडधारी रातोरात अकोल्याच्या राजराजेश्वराकडे चालत येतात. अंतर अठरा किलोमीटर. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचे गाडगे महाराज १९०५ मध्ये घर सोडून निघाले ते आयुष्यभर गावोगाव फिरत राहिले. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावला पेढी नदीच्या काठी प्रवासातच त्यांचा देह पडला. परतवाड्यात जन्मलेले गो. नी. दांडेकर काही काळ त्यांच्या सहवासात होते. पुढे त्यांनी नर्मदेची परिक्रमा केली.

पालख्या आता बहुतेक डांबरी रस्त्याने जातात. जुन्या मुक्कामाच्या आमराया, विहिरी आतल्या वाटांवर राहून गेल्या.

निघायचे तर कधी आणि काय सांभाळून?

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ चांगला. माती वाळलेली असते, सोयाबीन निघालेले असते, पऱ्हाटी आणि तूर उभी असते आणि हरभरा जमिनीलगत हिरवा असतो. सातपुड्याच्या पायथ्याने अकोट, अंजनगाव, परतवाडा हा पट्टा चालायला सर्वांत देखणा. संत्र्याच्या बागा, पानमळे आणि अंजनगावकडची पानपिंपळी एकाच दिवसात दिसते आणि उत्तरेला डोंगर सतत सोबत राहतो. अमरावतीकरांना पोहरा-मालखेडचे जंगल जवळ आहे. पण तिथे बिबट्या आहे आणि ते राखीव वन आहे, म्हणून वनविभागाला विचारूनच जावे. मार्चनंतर अकोल्याचा पारा कुठे जातो ते सांगायला नको.

पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात विहीर किंवा हातपंप दिसला म्हणून भरवशाने निघू नये; पाणी खारट असते. दिवसभराचे पाणी पाठीवर हवे. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये कपाशीवर फवारणी चालू असते. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजुरांचा जीव गेला होता. फवारणी सुरू असलेल्या वावराच्या वाऱ्याखालून जाऊ नये आणि तिथले पाणी पिऊ नये. १५ फेब्रुवारीपासून जंगलात वणव्याचा हंगाम धरला जातो; तेव्हा विडी-सिगारेट घरी ठेवलेली बरी. मोह गळायला लागला की पहाटे झाडाखाली अस्वल असू शकते. मेळघाटातली माणसे वाघापेक्षा त्याला जास्त भितात.

सगळ्यांत मोठा धोका मात्र तारेचा आहे. रोही आणि रानडुकरांनी पीक उद्ध्वस्त केल्यावर शेतकरी रात्री जागल करतो, कुंपणाला झटका मशीन लावतो. सौरऊर्जेवरची झटका मशीन थांबून थांबून धक्का देते, जीव सहसा जात नाही. पण काही ठिकाणी थेट विजेच्या लाइनवरून तारेत प्रवाह सोडला जातो. तो बेकायदा आहे आणि त्यात रानडुकरांबरोबर माणसेही मेली आहेत, कित्येकदा तर त्याच शेताचा मालक. ही तार गवतात दिसत नाही. त्यामुळे अंधार पडायच्या आत धुरा सोडून गावात यावे, कोणत्याही कुंपणाला हात लावू नये आणि वाट वावरातून जात असेल तर आधी मालकाला हाक द्यावी. तो जागलीच्या मचाणावर किंवा विहिरीजवळ असतोच.